गालावरचं औषध

"आधी बाटली हलवा. हलवा म्हणजे जोरात हलवा, तिला अंगाई म्हणू नका," सिस्टर म्हणाल्या, आणि बाकावरच्या सहा जणांनी आपापल्या बाटल्या मुकाट्याने खळखळवल्या.

"औषध तळाशी बसतं. न हलवता घातलंत तर आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसता चुना. कळलं?"

कळलं नाही असं म्हणायची डोळ्यांच्या त्या दवाखान्यात कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं रोज सकाळी सिस्टर हा वर्ग घेत होत्या. बाटलीचं टोक पापणीला लावलेलं त्यांना दुरून दिसायचं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने औषध बंद करणाऱ्याला त्या फैलावर घेत, आणि लाली दिसली म्हणून शेजारणीची उरलेली बाटली वापरणाऱ्याला तर विचारूच नका. "सूज उतरवणारं औषध गुणाचं आहे, पण आगाऊ आहे," त्या सांगत. "सांगितलंय त्यालाच आणि सांगितलंय तितकंच. जास्त झालं की डोळ्यातलं प्रेशर वाढतं, आणि ते दुखत नाही, म्हणून कळतही नाही."

माघारी लोक त्यांना थेंबबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

वर्ग संपल्यावर डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. सिस्टरांचा डावा डोळा आतून सुजला होता, त्यावर थेंब सुरू करून चौदा दिवस झाले होते. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकली. डॉक्टरांनी दिवा इकडून तिकडून फिरवून पाहिला.

"दोन-दोन तासांनी घालताय ना?"

"हो."

"मग कमाल आहे. सूज जराही हलली नाही. उलट वाढलीय." डॉक्टरांनी दिवा बाजूला केला. ते सिस्टरांहून वीस वर्षांनी लहान होते आणि त्यांच्याशी अदबीने बोलत. "थेंब लागू पडत नाहीत असंच म्हणायचं. आता थांबण्यात अर्थ नाही, नजर जाईल. दुपारी डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊ. त्याने प्रेशर वाढू शकतं, आणि एकदा दिलेलं परत काढता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार."

"बरं," सिस्टर म्हणाल्या आणि मूग गिळून बाहेर आल्या.

थेंब लागू पडत नव्हते, कारण ते डोळ्यात जातच नव्हते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हजारो डोळ्यांत थेंब घातलेल्या या बाईचा स्वतःचा डोळा बाटली जवळ येताच मिटायचा, तोही असा गच्च की बोटांनी उघडेना. थेंब पापणीवर पडायचा आणि ओघळून जायचा. गेला असेल थोडा आत, अशी त्या रोज मनाची समजूत घालत. घरी वहिनीने एकदा विचारलं होतं, "मी घालू का हो, ताई?" त्यावर त्यांनी मोरीचं दार लावून घेतलं होतं. बावीस वर्षांच्या सिस्टरने कुणापुढे म्हणायचं, मला भीती वाटते म्हणून? लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आणि त्या लाजेपायी त्या डोळा घालवायला निघाल्या होत्या.

थेंब घालायच्या खोलीत इस्त्रीवाल्या आजी एकट्याच बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची त्यांची आज शेवटची तपासणी होती. पन्नास वर्षं लोकांचे कपडे इस्त्री करून त्यांचे तळवे टणक झाले होते. महिनाभर सिस्टरांनी त्यांना जितकं झापलं होतं तितकं कुणालाच झापलं नसेल.

"डोकं मागे करा, आजी."

आजींनी डोकं मागे केलं नाही. त्या सिस्टरांच्या गालाकडे बघत राहिल्या.

"तुमच्या गालावर पांढरं काय सुकलंय?"

सिस्टरांचा हात गालावर गेला.

"पावडर असेल."

"सिस्टर, जन्मभर डाग बघितलेत मी," आजी म्हणाल्या. "माझ्याही गालावर असाच पडायचा. पहिले चार दिवस."

"मग?"

"रागावणार नसाल तर सांगते." आजींनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "तुम्ही सांगता तसं मला एक दिवसही जमलं नाही. पापणी ओढा, वर बघा, कुठलं काय! बाटली दिसली की माझा डोळा गच्च मिटायचा. घरी दुसरं माणूस नाही. मग मी उताणी पडले, डोळा मिटूनच घेतला, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडला आणि मग डोळा उघडला. गेला की आत! महिनाभर तेच करतेय. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

आजींचा डोळा सिस्टरांनी गेल्याच आठवड्यात तपासणीला धरला होता. काचेसारखा स्वच्छ होता.

त्यांनी खिशातून स्वतःची बाटली काढली. हलवली. आणि ती आजींपुढे धरली.

आजींनी न सांगता हात साबणाने धुतले, पुसले. सिस्टर तपासणीच्या बाकावर आडव्या झाल्या. या बाकावर त्या पहिल्यांदाच पडत होत्या, खालून छताला इतके पोपडे धरलेत हे त्यांना माहीतच नव्हतं.

"मिट डोळा," आजी म्हणाल्या. अहो-जाहो कधी गळालं ते दोघींनाही कळलं नाही. "घट्ट नको. झोपल्यासारखा. कुणी काही करत नाही तुला."

नाकाजवळ गार थेंब पडला. टणक तळवा कपाळावर नुसता टेकला होता.

"आता उघड."

सिस्टरांनी डोळा उघडला. सगळं पांढरं, धूसर झालं, थोडं चुरचुरलं. नाकाजवळचा कोपरा त्यांनी सवयीने बोटाने दाबून धरला, तरी थोड्या वेळाने घशात कडू चव उतरली. थेंब डोळ्यात गेल्याशिवाय ती चव येत नाही. चौदा दिवसांत ती एकदाही आली नव्हती.

"रडतेस का? औषध वाहून जाईल ना."

"नाही रडत," सिस्टर म्हणाल्या आणि खरंच थांबल्या.

आजींच्या डोळ्यात त्यांनी तपासणीचा थेंब घातला, बाटल्या जागेवर ठेवल्या आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं. आत दोन पेशंट बसले होते. डॉक्टर सिस्टरांच्या इंजेक्शनचाच कागद लिहीत होते.

"त्या कागदावर थेंबांचा चौदावा दिवस लिहिलाय," सिस्टर म्हणाल्या. "तो खोडा. आजचा पहिला धरा."