वेळेआधी वाजलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे आणि आगीच्या बंबावरचीही नव्हे. देशोदेशीचे शास्त्रज्ञ ज्या परिषदेत आपापलं संशोधन सांगतात, तिथे अध्यक्षांच्या टेबलावर मी बसते. वक्त्याची वेळ संपली की मी वाजते, मग समोर कितीही मोठा माणूस असो.

एका ओताऱ्याने मला साच्यात ओतलं, घासूनपुसून लखलखीत केलं. तेव्हापासून मी गावोगाव फिरते. परिषद संपली की पुढचे यजमान मला मऊ कापडात गुंडाळून नेतात आणि मग वर्षभर कुठल्यातरी कपाटात झोप. त्या झोपेत मला नेहमी एकच स्वप्न पडतं, निळ्या ठिपक्यांचं. हे शास्त्रज्ञ संगणकातल्या एका काल्पनिक पेटीत पाण्याचे कण मांडतात, ते कसे हलतील याचं गणित करतात आणि पडद्यावर दाखवतात. ठिपके संथ तरंगत राहतात. एखादा उजव्या भिंतीतून बाहेर गेला, की त्याच क्षणी डावीकडून आत येतो. त्यांच्या त्या पेटीतून कोणी हरवतच नाही. मला ते फार आवडतं.

मला सगळ्यात जास्त वाजवलं ते घड्याळ सरांनी. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, अर्थात त्यांच्या माघारी. सर अध्यक्ष असले की भल्याभल्यांची बोबडी वळायची. त्यांची लाडकी विद्यार्थिनी, जिला ते चिमणी म्हणत, पहिल्यांदा बोलायला उभी राहिली आणि ऐन निष्कर्षाच्या तोंडाशी त्यांनी मला वाजवलं.

"सर, एकच वाक्य राहिलंय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"घंटेला आपला-परका कळत नाही, चिमणे. बस खाली."

तेव्हा मला माझा केवढा अभिमान वाटला होता!

वर्षं सरली. सभागृहांत उलटे आकडे मोजणारी घड्याळं आली आणि मी कपाटात काळवंडले. मग एका वर्षी चिमणीच अध्यक्ष झाली. त्या दिवशी सरांचं निरोपाचं भाषण होतं. तिने मला शोधून काढलं, रुमालाने घासलं आणि ते आकडेवालं घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवलं. सरांना ते कधीच आवडलं नव्हतं.

सरांनी सुरुवात झकास केली. मग पडद्यावर निळे ठिपके आले आणि सर त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"हा कण इथून बाहेर गेला, की..." ते थांबले. "गेला, की..."

पुढचं काही आठवेना. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. सरांना हल्ली विसर पडू लागलाय, हे घरच्यांखेरीज फक्त चिमणीला ठाऊक होतं. आणखी थोडा वेळ गेला असता, तर ते सगळ्यांना कळलं असतं.

तिचा हात माझ्या मुठीवर आला. वेळ तर अजून पुष्कळ शिल्लक होती! तरी तिने मला वाजवलं.

"माफ करा सर, वेळ संपली," ती हसून म्हणाली. "घंटेला आपला-परका कळत नाही."

सभागृह खदखदून हसलं आणि उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सर भानावर आले, ऐटीत मान लववून खाली उतरले. मी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले होते, आणि मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

सभागृह रिकामं झाल्यावर सर टेबलापाशी आले. मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांनी एकवार पाहिलं.

"आज लवकर वाजली गं."

चिमणीने मान खाली घातली. सरांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"ते तुझं एक वाक्य राहिलं होतं ना? सांग आता."

ती सांगू लागली. डोळे पुसत, अडखळत, बराच वेळ सांगत राहिली. मला कोणी हात लावला नाही.

मित्रांनो, मला काळवंडू देऊ नका, अधूनमधून पुसत जा. आणि वाजवण्याआधी समोर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. तेवढं मला एकटीला जमत नाही.