ठिपक्याचा चेंडू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. तीस वर्षं नगरच्या कोर्टात वकिली केलेल्या माणसाचा दुसरा कसला असणार? साक्षीदार मध्येच पाणी मागतो तेव्हा त्याला तहान लागलेली नसते, उत्तर जुळवायला वेळ हवा असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरी म्हणतात, "तुम्हाला देवळातल्या घंटेचासुद्धा संशय येतो." येतो. ती कोणी वाजवली आणि कशासाठी, हे विचारायला काय हरकत आहे?

दिल्ली दरवाजाजवळ आमचा हितवर्धक क्लब होता. पस्तीस साली छावणीतली एक पलटण हलली तेव्हा तिचं बिलियर्डचं टेबल क्लबानं लिलावात घेतलं, आणि टेबलामागोमाग मच्छिंद्र आला. मच्छिंद्र श्रीगोंद्याकडचा. पलटणीत तो मार्कर होता, म्हणजे खेळाचे गुण मांडणारा, आणि आमच्याकडेही तेच काम करायचा.

खेळ तीन चेंडूंचा. एक तांबडा, दोन पांढरे. पांढरे दोन्ही हुबेहूब सारखे, फक्त एकावर दोन बारीक काळे ठिपके. एकानं ठिपक्याच्या चेंडूनं खेळायचं, दुसऱ्यानं साध्यानं. चुकून दुसऱ्याच्या चेंडूला काठी लावली तर फाउल. त्या फटक्याचे गुण रद्द आणि पाळी समोरच्याची. पहिल्याच वर्षी दोन सभासदांत फाउलवरून जी जुंपली ती थेट कोर्टात गेली आणि अकरा महिने चालली. तेव्हापासून क्लबाचा नियम झाला: ज्याचा फाउल त्यानंच सांगायचा. समोरच्यानं हरकत घ्यायची नाही, आणि मार्करनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

भिंतीवर काळी लाकडी पाटी होती. दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव तिच्यावर पांढऱ्या रंगात यायचं. पाटीवर ओळी बारा. शेहेचाळीस सालापर्यंत अकरा भरल्या होत्या आणि त्यांपैकी पाच एकट्या यज्ञेश्वरपंतांच्या. माझी एकही नाही. चार वेळा मी शेवटच्या सामन्यात हरलो, चारही वेळा त्यांच्याशीच. त्यातून कमिटीत टेबल विकून कॅरम आणण्याची भाषा सुरू झालेली. म्हणजे ती बारावी ओळ माझी झाली तर झाली, नाहीतर कायमची हुकली. हसू येईल तुम्हाला, पण त्या वीतभर जागेसाठी माझी झोप उडाली होती.

यज्ञेश्वरपंत कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार. आवाज मऊ, चालणं सावकाश, खिशात तपकिरीची चांदीची डबी. सगळं गाव त्यांना सज्जन म्हणायचं. मी मात्र टेबलापलीकडून त्यांच्याकडे पाहत आलेलो होतो, आणि अलीकडे तर त्यांनी एकेक नवीन युक्ती काढली होती. स्वतःची पाळी आली की टेबलाभोवती दोन-दोन प्रदक्षिणा घालायचे. प्रत्येक चेंडूवर वाकून नाक टेकेल इतक्या जवळून पाहायचे. माझा जीव कंटाळून जावा, हात थंड पडावा, हाच हेतू. माझी पाळी आली की चष्मा काढून उपरण्यानं पुसत बसायचे. ते पांढरं उपरणं माझ्या डोळ्यांसमोर हलत राहायचं. कधी मी चांगला फटका मारला तरी मख्ख चेहऱ्यानं बघत राहायचे, जसं काही घडलंच नाही.

मीही काही दूधखुळा नव्हतो. "पंत, आज तुमचं मनगट काय सैल चाललंय!" असं मी अगदी आदरानं म्हणायचो. मनगटाची स्तुती केली की माणूस मनगटाचा विचार करायला लागतो, आणि विचार सुरू झाला की मनगट आखडतं. माझ्या बाजूनं एवढंच. हा बचाव होता.

सामना जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी झाला. भिंतीलगतच्या बाकांवर वीसेक सभासद दाटीवाटीनं बसले होते. डाव शंभराचा. साडेचारच्या सुमारास पंत अठ्ठ्याण्णववर आणि मी सत्त्याण्णववर, पाळी माझी. तांबडा कोपऱ्यातल्या जाळीच्या तोंडाशी उभा. तो जाळीत घातला की तीन गुण, आणि पाटीवरची ओळ माझी. माझा ठिपक्याचा, त्यांचा साधा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं टेबलावर आलं होतं आणि हिरव्या कापडावर नुसता चकचकाट झाला होता.

मी वाकलो. काठी मागे घेतली, आणि नेमकं त्याच क्षणी पंत म्हणाले, "थांबा, नृसिंहराव."

इतक्या वर्षांत त्यांनी असं उघडपणे कधी केलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आता चष्मा आणि उपरणं पुरेना, म्हणून थेट तोंडानं! मी मान वर केली नाही, थांबलो नाही, मारला. तांबडा गडप झाला. टाळ्यांनी खोली दणाणली.

टाळ्या चालू असतानाच मी मागे सरलो आणि उन्हातून बाहेर आलेला तो पांढरा चेंडू मला नीट दिसला. त्याच्यावर ठिपके नव्हते. माझा ठिपक्याचा चेंडू हातभर पलीकडे होता तिथंच स्वस्थ पडला होता.

मी मच्छिंद्राकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. पंतांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी उभे होते, एक हात पडद्यावर. तोंड उघडून एक शब्द म्हणायचा होता. पण मनात आलं, यांना माहीत आहे. यांनी पाहिलं, म्हणूनच थांबा म्हणाले. मग आता गप्प का? मी आपण होऊन नाक घासावं आणि यांनी उदारपणे मान डोलवावी, असा डाव आहे तर! तोवर ते हात पुढे करून आले. "छान मारलात," म्हणाले. मी हात हातात घेतला.

आठ दिवसांत पाटीवर माझं नाव आलं. अक्षर सुरेख होतं. मी एकदाच पाहिलं, नंतर त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो.

कमिटीत मतं फुटली आणि टेबल काही विकलं गेलं नाही, त्यामुळे रविवारचे आमचे साधे डाव चालू राहिले. पण पंतांनी आपली शिसवी मुठीची काठी कोणाला तरी देऊन टाकली होती आणि क्लबाच्या वाकड्या काठीनं खेळायला लागले. माझ्याशी खेळायला हीसुद्धा पुरते, असं दाखवायचं असणार. आणि त्यांनी आणखी एक काढलं. डाव सुरू होण्याआधी, कधी मधेच, मऊ आवाजात विचारायचे, "ठिपक्याचा तुमचा, ना?"

पहिल्या रविवारी काठीच्या टोकाला लावायचा खडूच माझ्या हातातून पडला. दुसऱ्या रविवारी मी उसनं हसून "हो, हो" म्हटलं आणि सोपा फटका घालवला. मग दर रविवारी तेच. दुसरं काही नाही, कुचका शब्द नाही, नजरेत कसली खोच नाही. फक्त ते तीन शब्द. कोर्टात मी असा एकही उलटतपासणी घेणारा पाहिला नाही. सोमवारी सकाळी अशिलाची कागदपत्रं वाचताना मला तो प्रश्न ऐकू यायचा. चार महिने मी एकही डाव जिंकलो नाही. तेही जिंकत होते असं नाही. दोघेही वाईट खेळत होतो, पण मी जास्त वाईट.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी क्लबात आम्ही दोघं आणि मच्छिंद्र, एवढेच होतो. मी खडू लावत होतो. पंतांनी विचारलं, "ठिपक्याचा तुमचा, ना?"

"पुरे करा!" मी ओरडलोच. "हो, माझा ठिपक्याचा. त्या दिवशीही माझा ठिपक्याचाच होता आणि मी तुमचा चेंडू मारला. फाउल होता. मी बोललो नाही. तुम्हाला ठाऊक होतं, तेव्हापासून ठाऊक आहे, आणि दर रविवारी मला टोचताय. झालं समाधान?"

पंत हातानं चाचपत बाकापर्यंत गेले आणि बसले. ते चाचपणं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे पाहिलं पुष्कळदा होतं, पण तेव्हा त्याला युक्ती समजत होतो.

"मला कुठलं ठाऊक असणार?" ते म्हणाले. "मला ठिपके दिसतच नाहीत. दोन वर्षं झाली. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. पेन्शनीला थोडे महिने उरलेत, कचेरीत कळलं तर घरी बसवतील, म्हणून बोललो नाही. कुठला चेंडू कुठे गेला हे लक्षात ठेवून खेळत होतो. आता तेही राहत नाही, म्हणून विचारतो."

"मग त्या दिवशी थांबा कशाला म्हणालात?"

"ऊन आलं होतं ना टेबलावर. मला उन्हात अगदीच काही दिसत नाही. म्हटलं, तुमच्याही डोळ्यांवर येत असेल. पडदा ओढणार होतो."

मला त्या पडद्यावरचा त्यांचा हात आठवला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती लपवावी कुठं तेही कळेना.

पंत म्हणाले, "म्हणजे मी त्या दिवशी हरलो नव्हतो?"

"नाही."

"मी आपलं धरून चाललो की डोळ्यांनी दगा दिला, आता आपलं संपलं. काठी देऊन टाकली ती त्यामुळंच." मग त्यांनी अंदाजानं मान वळवली. "मच्छिंद्र, तुला ठाऊक होतं?"

"व्हय की, रावसायेब. पर इचारलं न्हाई कुनी."

तो बोलला साधंच. माझी मान वर होईना. "पाटीवरचं नाव मी उद्याच खरवडून काढायला सांगतो," मी म्हणालो.

"ते नंतर बघू," पंत उठले. "फाउल होता, म्हणजे पाळी माझी होती. मला दोन हवे होते. मच्छिंद्र, चेंडू कुठं कुठं होते आठवतं?"

"लई चांगलं आठवतं." मच्छिंद्रानं जाळीतून तांबडा काढून आपल्या जागेवर ठेवला, माझा ठिपक्याचा चेंडू त्या दिवशी पडला होता तिथं ठेवला आणि साधा पंतांच्या हातात दिला; फाउलनंतर तो ज्याचा त्यानं मांडायचा असतो. खिडकीतून ऊन यायला लागलं होतं. मी जाऊन पडदा ओढला. फटका सोपा होता. त्यांचा चेंडू माझ्या चेंडूला लागून तांबड्याला लागला की दोन गुण आणि डाव त्यांचा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तो गप्पा मारता मारता मारला असता.

मनगटाबद्दल मी काही बोललो नाही. पंत वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि त्यांनी मारला. चेंडू माझ्या चेंडूपासून वीतभर लांबून गेला, पलीकडच्या कडेला लागला आणि थांबला. त्यांनी कान देऊन ऐकलं. कडेला लागल्याचा आवाज आणि चेंडूला लागल्याचा आवाज यांतला फरक त्यांना नीट कळला नसावा.

"लागला का?" त्यांनी विचारलं. मच्छिंद्राला नाही, मला.

मच्छिंद्र गप्प उभा होता. मला हो म्हणता आलं असतं, आणि म्हणावंसं फार वाटलं.

"नाही, पंत," मी म्हणालो. "चुकला."