चार ग्रॅम हलका

मित्रांनो, रस्त्यावरून गाडी सुसाट गेली की तुम्ही तिचा रंग पाहता. तिच्या पोटात कोण धावते आहे, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगतो. मी एक जुना पिस्टन आहे, ॲल्युमिनियमचा, मुठीएवढा. इंजिनात आम्ही चौघे भाऊ होतो. काम एकच, सिलिंडरमध्ये वर जायचे आणि खाली यायचे, मिनिटाला हजारो वेळा.

१९८४ साली आम्ही जोगेश्वरीला मार्तंडशेठच्या गॅरेजात आलो. आरे कॉलनीतल्या चढावर मोटारींची शर्यत होणार होती आणि अंधेरीची अनुपमा आपली जुनी गाडी त्यात उतरवणार होती. मार्तंडने आम्हाला हातात घेतले आणि हे फार जड आहेत म्हणाला. मला रागच आला. जन्मल्यापासून मला कोणी लठ्ठ म्हटले नव्हते. पण त्याचे खरे होते. आम्हाला दर फेरीला थांबून उलटे फिरावे लागते आणि वजन जास्त असले की त्यातच इंजिनाचा दम जातो.

काम मिळाले बळवंतकाकांना. काका मूळचे मालवणकडचे. परळच्या गिरणीत वीस वर्षे मागांचे फिटर होते, संपात नोकरी गेली. मार्तंडने त्यांना शर्यतीपुरते ठेवून घेतले होते. इंजिन टिकले तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. गिरणीतल्या माणसाला मोटारीतले काय कळणार, असे म्हणून बाकीचे मेकॅनिक हसत. पण मागावर आडवा धागा वाहून नेणारा धोटाही आमच्यासारखाच येरझारा घालतो. तो हलका असला की माग जोरात चालतो आणि नको तिथे तासला की फुटतो, हे काकांइतके त्या गॅरेजात कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यांनी आम्हाला आतून खरवडले. माथ्याला हात लावला नाही, कारण स्फोटाचा मार तिथे बसतो. पिन बसते तिथली जाडीही राखली. जिथे भार नाही तिथलेच काढले. मधूनमधून शेजारच्या सोनाराच्या तराजूत आमची बैठक होई. ज्या पारड्यात पाटल्या बसायच्या त्यात मी बसलो, मित्रांनो. भाव मिळाला नाही, पण मान मिळाला.

तिघे भाऊ बरोबर पावणेतीनशे ग्रॅमवर आले. माझ्यावर मात्र कानस जरा जास्त फिरली. सोनाराने आकडा सांगितला आणि काकांचा चेहरा उतरला. मी चार ग्रॅम जास्तच हलका झालो होतो. चौघांत एक वेगळा म्हणजे इंजिन थरथरणार. नवा पिस्टन मागवायला महिना लागायचा आणि शर्यत होती पाच दिवसांवर. काका गप्प बसले असते तर शर्यतीपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. पण ते मला घेऊन तडक मार्तंडसमोर उभे राहिले.

‘‘वाट लागली,’’ मार्तंड म्हणाला. ‘‘काका, एवढं एकच काम दिलं होतं ना तुम्हाला?’’ आणि तो मला घेऊन भंगाराच्या पेटीकडे निघाला. माझी तर गाळणच उडाली.

‘‘शेठ, चूक माझी आसा,’’ काका म्हणाले. ‘‘पण ह्यो फेकू नकात. बाकीच्या तिघांका मी ह्येच्या वजनाक आणतंय.’’

इतके पातळ केल्यावर ऐन चढावर तुकडे होतील, असे मार्तंडचे म्हणणे. गाडी पाहायला आलेली अनुपमा हे सगळे ऐकत होती. शेवटी चाकामागे तीच बसणार होती. तिने मला घेतले, आतून बोट फिरवले आणि काकांकडे पाहिले.

‘‘काका, चाचणीला माझ्या शेजारी बसाल?’’

‘‘बसतंय,’’ काका म्हणाले.

आणि ते खरोखर बसले. तिघे भाऊ आता माझ्या वजनाचे झाले होते. चढावर अनुपमाने गाडी पुरी ताणली, पण इंजिन जरासुद्धा थरथरले नाही.

रविवारी सकाळी गोठ्यांतली माणसे धारा आटोपून रस्त्याच्या कडेला उभी होती. निशाण पडले आणि आम्ही उसळलो. काय सांगू तुम्हाला! वर पोचलो हे कळायच्या आत मी खाली निघालेला असे. प्रत्येक वळणानंतर मोठ्या गाड्या दम घेत आणि आमचे इंजिन पाय पडताच ओरडत उठे. पहिला नंबर आमचा आला, तोही तीन सेकंदांनी.

दुसऱ्या दिवशी मार्तंडने इंजिन उघडले. सोनाराचे भिंग आणून आम्हा चौघांना आतून बाहेरून तपासले. कुठे केसाएवढीही चीर नव्हती. काका बाजूला उभे होते, हात मागे बांधून.

‘‘पुढचं इंजिन तुम्हीच बांधायचं, काका,’’ मार्तंड म्हणाला. ‘‘आणि त्याच्या पुढचंही.’’

काकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मला स्वच्छ फडक्याने पुसले आणि चौघांत सर्वांत आधी परत बसवले. पुढे सहा वर्षे मी त्या गाडीत धावलो. आता झिजलो आहे, तक्रार नाही. मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या, त्याची निगा राखा. आणि एखादा माणूस आपली चूक घेऊन स्वतःहून तुमच्यापुढे उभा राहिला, तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. मला पोटात घेऊन ती गाडी जिंकली, ती तशाच एका माणसामुळे.