शेगडीच्या बदल्यात कोण?

मी एक जुनी शेगडी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, त्याला टाळं लागूनही बराच काळ लोटला. मित्रांनो, मिलवॉकीच्या त्या कारखान्यात ऑर्विल टेस्के आणि लेनी स्टेफान्स्की एकाच पाळीत वेल्डिंगचं काम करत. एकदा जेवणाच्या सुट्टीत ऑर्विलने एक रिकामं लोखंडी पिंप उभं चिरलं. अर्ध्याचं माझं पोट झालं, अर्ध्याचं झाकण. त्याने चार पाय लावले, त्यातला एक आखूड झाला. त्यावरून लेनी त्याला आजवर टोमणे मारतो. झाकणाची मूठ मात्र माझं खरं वैभव आहे. ती मोडक्या बॅटच्या दांड्याची आहे!

आमच्याकडे बेसबॉलचा सामना बघायचा म्हणजे आधी मैदानाबाहेरच्या वाहनतळावर शेगडी पेटवायची. लेनीची बायको डोलोरेस घरून बिअर आणि कांद्यात उकडलेले जाड ब्रॅट, म्हणजे मांसाचे सॉसेज, आणायची आणि मी ते खरपूस भाजून द्यायचे. वासाने अनोळखी माणसंही चार गाड्या ओलांडून यायची आणि माझी तारीफ करून जायची. हिवाळ्यात मला लेनीच्या गॅरेजात ढकलून देत. कित्येकदा पोटात राख तशीच असायची. तेव्हा वाईट वाटायचं, पण वसंत आला की मी सगळं विसरायचे. माझं आयुष्य असं सरळ होतं. सगळा घोटाळा केला तो मॅटेओने.

मॅटेओ ओसेगेरा आमचा पिचर. तो चेंडू फेकायला उभा राहिला की वाहनतळावरच्या गाड्यांचे रेडिओ एकदम मोठे व्हायचे. डोलोरेस त्याच्या नावाचा सदरा धुवून धुवून विटला तरी सोडत नव्हती. आणि हीच माणसं त्या उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकायला निघाली! म्हणे पुढच्या वर्षी त्याचा करार संपतो, मग कुठलातरी श्रीमंत संघ त्याला उचलणार आणि आपल्या हाती काहीच उरणार नाही. त्यापेक्षा जुलै संपून अदलाबदलीची मुदत सरण्याआधी तो द्यावा आणि बदल्यात चांगली तरुण पोरं घ्यावीत. मी खूप विचार केला. ज्याच्यावर एवढा जीव आहे, त्याचीच घासाघीस कशी करवते? मला कळलं नाही. खरं सांगते, अजूनही कळलेलं नाही.

"दोन पोरं आणि तो उंच डावखुरा," लेनी चिमटा हवेत नाचवत म्हणायचा. "याच्याखाली मी मॅटेओला देणार नाही."

"डावखुरा? लेका, त्याचा खांदा गेलाय," ऑर्विल म्हणायचा. "तुला कोणीही काहीही गळ्यात मारेल."

"तुम्हा दोघांना संघाच्या मालकाने विचारलंय का?" डोलोरेस मधेच ओरडायची. "आधी ब्रॅट उलटा, करपतायत!"

असं दर रविवारी चालायचं. एका रविवारी मात्र डोलोरेस पाव आणायला गाडीकडे गेली असताना ऑर्विल हळूच म्हणाला, "मार्ला मला ऑरेगनला बोलावतेय. कायमची." मार्ला ही त्याची मुलगी. ऑर्विलची बायको वारल्यापासून तो एकटाच राहत होता आणि गेल्या हिवाळ्यात दारापुढच्या बर्फावर घसरून त्याचा हात मोडला होता. "जुलैअखेर काय ते सांगा म्हणते. तुला काय वाटतं, लेनी? जाऊ?"

लेनी चिमट्याने माझे निखारे उकरू लागला. मग म्हणाला, "मला वाटतं, त्यांच्याकडून तो शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा पोरगाही मागून घ्यावा."

ऑर्विलने मान हलवली आणि ब्रॅट उलटले. पुढचे दोन रविवार दोघं मॅटेओवर इतके भांडले, की शेजारच्या गाडीवाल्यांनी आपल्या खुर्च्या लांब नेल्या.

डोलोरेसने घरात खेळाच्या रेडिओवर बंदी घातली होती, म्हणून लेनी संध्याकाळी गॅरेजात माझ्याशेजारी बसून तो कार्यक्रम ऐकायचा. लोक त्यात फोन करून आपापले सौदे सुचवत. एका संध्याकाळी कोणी एक माणूस बोलू लागला, "मी वॉसॉ गावाहून बोलतोय, माझं नाव रे." बोलण्याआधी त्याने दोनदा घसा खाकरला. लेनीने झटकन रेडिओचा आवाज वाढवला. मीही ओळखलं. माझ्या जन्मदात्याचा आवाज मी ओळखणार नाही होय?

"माझं म्हणणं, मॅटेओला आत्ताच सोडा," ऑर्विल सांगत होता. "हात चालतोय तोवर जाऊ द्या त्याला. पण त्याला तुम्ही कोणी विचारलंय का?"

"बरं, मिस्टर रे, त्याला काय हवं असेल?" कार्यक्रमवाल्याने विचारलं.

"कोणीतरी 'थांब' म्हणावं, नाहीतर 'खुशाल जा' म्हणावं. एवढंच. रोज नुसती घासाघीस ऐकून माणूस मेटाकुटीला येतो."

लेनीने कार्यक्रमाचा नंबर फिरवला. बराच वेळ ताटकळल्यावर त्याचा फोन लागला. "ओशकोशहून फ्रँक बोलतोय," तो म्हणाला. आता हा फ्रँक कोण, मी चक्रावले. "त्या वॉसॉच्या रेला सांगा, तो जायला नकोय इथे कोणालाच. मला तर मुळीच नकोय. पण परत बर्फात पडून हात मोडायलाही नकोय. जा म्हणावं त्याला. खुशाल जा."

"फ्रँक, जुलैत कुठला आलाय बर्फ?" कार्यक्रमवाला म्हणाला आणि फोन कट झाला. लेनी अंधारेपर्यंत माझ्या झाकणावर हात ठेवून बसला होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मॅटेओ गेला. बदल्यात दोन पोरं मिळाली आणि एक 'नाव नंतर ठरवायचा खेळाडू'. संघांचं शेवटच्या माणसावर एकमत झालं नाही, की ते असा करार करतात आणि तो माणूस कोण हे सावकाश ठरवतात. आता सांगा, मी गोंधळणार नाही तर काय!

पुढच्या रविवारी ऑर्विलने जात असल्याचं सांगितलं. रेचं आणि फ्रँकचं नाव कोणी काढलं नाही.

"शेगडी नेतो," ऑर्विल म्हणाला. "मी केलीय ती."

"माझ्या गॅरेजात वाढलीय. फुकट मिळणार नाही."

"मग माझी शीतपेटी घे बदल्यात."

"गळकी? मला काय खुळा समजलास?"

"अरे, देऊन टाक ना!" डोलोरेस मधे पडली.

लेनीने चिमटा खाली ठेवला. "बरं. नाव नंतर ठरवायचा खेळाडू. मंजूर?"

"मंजूर," ऑर्विल म्हणाला. दोघांनी हात मिळवले आणि मला गाडीत चढवलं. मला कोणी काही विचारलं नाही. इतकी वर्षं राबले आणि माझ्या बदल्यात ठोस काहीच मागावंसं लेनीला वाटलं नाही, याचं मला फार लागलं.

ऑरेगनला पाऊस फार. मार्लाकडे गॅसवरची चकचकीत शेगडी होती, म्हणून मी अंगणात ताडपत्रीखाली गंजत राहिले. ऑर्विल अधूनमधून यायचा, माझं झाकण उचलायचा आणि परत ठेवायचा. मग वसंताच्या सुरुवातीला एका सकाळी त्याने माझा गंज खरवडला, तेल लावलं आणि मार्लाला गाडी काढायला लावली.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला आम्ही मिलवॉकीच्या त्याच वाहनतळावर पोहोचलो. लेनी आणि डोलोरेस विकतचे थंड ब्रॅट खात उभे होते.

"शेगडी परत आणलीस?" लेनी ओरडला. "सौदा मोडतोस?"

"पुरा करतोय," ऑर्विल म्हणाला. "खेळाडूचं नाव ठरलं."

"कोण?"

ऑर्विलने टोपी काढली आणि घसा खाकरला. "टेस्के. गुडघे गेलेत, खोकला आहे. पण बर्फ पडेपर्यंत रोज हजर."

लेनीने त्याला खालपासून वर न्याहाळलं. "फसवलंस लेका मला," तो म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला. धूर गेला म्हणाला. मित्रांनो, मला तर अजून कोणी पेटवलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी मॅटेओ दुसऱ्या संघाकडून आमच्याविरुद्ध चेंडू टाकत होता आणि आतून त्याच्याचसाठी टाळ्यांचा कडकडाट ऐकू येत होता. यातलं मला काही कळत नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. निखारे विझले की आमच्या पोटातली राख काढत जा, ती आतून लोखंड खाते. आणि जुन्या मित्राने 'जाऊ का?' असं विचारलं, तर ब्रॅट करपले तरी चालतील, आधी त्याला उत्तर द्या.