चुन्याच्या भिंतीवर चढलेलं सिमेंट

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. लाखनीकडच्या एका गावात टेकचंद शेठची हवेली आहे, तिच्या दिवाणखान्याची. शेठ धानाचे मोठे व्यापारी. त्यांनी मला विटा आणि चुन्यात उभारलं. चुना बैलाच्या घाण्यावर मळला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घातला. छताच्या सागवानी तुळयांची टोकं माझ्या पोटात रोवली. पावसात मी पाणी प्यायचे आणि उन्हात ते चुन्यातून सोडून द्यायचे, म्हणून लाकूड कोरडं राहायचं. दर दिवाळीला माझ्यावर चुन्याचा ताजा हात फिरे. लोक थबकून बघत.

शेठचा पणतू प्रविण याच्या लग्नात वऱ्हाड्यांच्या कोटांना माझा चुना लागला. पाहुण्यांनी थट्टा केली, ती त्याच्या मनाला लागली. त्याने मला सिमेंटने लिंपून वर ऑइलपेंट दिला. मी चकचकीत झाले. पण बारीक भेगांतून पाणी आत येई, ते बाहेर पडेना. एका तुळईचं टोक माझ्या पोटात कुजू लागलं. मला बोलता येत नाही. यंदाच्या पावसाळ्यात त्या तुळईखाली माझा पोपडा फुगला, एवढंच मला जमलं.

प्रविणच्या धाकट्या भावाने, खुशालने, त्यावर बोटं वाजवली. आवाज पोकळ आला.

"दादा, हे खोलून पाहू. तुळईले टेकू देऊ," तो म्हणाला.

"आता कायले खोलतं? उद्या खुशबूले पाहाले पाहुणे येऊन राहिले. टेकू पाहून काय म्हणतीन, हवेली पडाले आली?"

"मंग पाहुणे गेल्यावर?"

"गेल्यावर खोल ना बावा, सारी भिंत खोल. आज रंग मार."

बहिणीच्या सोयरिकीचं काम. खुशालने ब्रश उचलला.

पाहुणे आले. हवेलीची तारीफ झाली, खुशबू पसंत पडली. सारे त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. खुशाल मागे राहून गाद्या गुंडाळत होता. तुळई त्याच्यावर आली. तो वाचला नाही.

नंतर प्रविणने एकट्याने माझं सिमेंट फोडलं. आतला चुना चिखलासारखा त्याच्या मुठीत आला. तो खाली बसला. खुशबू दारातून आत आली नाही.

मित्रांनो, जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवू नका. आणि भिंत फुगली तर तिला रंग देऊ नका, त्याच दिवशी खोलून पाहा. खुशालने बोटं वाजवली तेव्हा तुळईचं टोकच कुजलेलं होतं, पुढचं सारं लाकूड शाबूत होतं. एका लाकडी बल्लीचा टेकू पुरला असता.