समोरच्या खोलीतली रांग

कमरुद्दीनने टेबलावरची चादर चौथ्यांदा झटकली. सकाळपासून त्याच्या खोलीत कुणी फिरकलं नव्हतं. समोरच्या खोलीतून मात्र हसण्याचे आवाज येत होते.

निवृत्त फुटबॉलपटूंच्या स्पर्धेसाठी अबुधाबीच्या त्या हॉटेलात त्याला आठवडाभर फिजिओथेरपिस्ट म्हणून नेमलं होतं. ९८ साल होतं. काम दिसलं तर स्पर्धा भरवणाऱ्या क्लबात कायमची नोकरी, आणि ती लागली की दापोलीहून जुलेखाला फॅमिली व्हिसावर आणता येणार होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, संसार अजून टेलिफोनवरच चालला होता. पण काम दिसायला आधी कुणाचा तरी पाय टेबलावर यायला हवा ना.

सगळे पाय हामासाकीकडे जात. हा जपानी गडी स्वतः निवृत्त खेळाडू. जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि इजिप्तचे, कोरियाचे, एकेकाळी त्याला मैदानात आडवं पाडणारेसुद्धा खुशाल त्याच्या मांडीवर पाय टाकून पट्टी बांधून घ्यायचे. कुणाचा कुठला सांधा दुखतो ते त्याला पाठ होतं. पट्टी झाली की घोट्यावर थाप मारून म्हणायचा, "खेळशील." की स्वारी खूश. कमरुद्दीनने पहिल्या दिवशी तिघांना नीट तपासून खेळू नका म्हणून सांगितलं होतं, त्यानंतर चौथा आलाच नाही. खरं बोलायचं आणि माशा मारत बसायचं. त्याला नुसता संताप येत होता.

स्पर्धेचा मॅनेजर अनिल दारातून डोकावला.

"आजपण कोणी नाही? संध्याकाळी फायनल आहे रे. क्लबला रिपोर्ट काय देऊ मी?"

"येतील, इन्शाल्ला," एवढंच म्हणून कमरुद्दीन आतल्या आत चरफडला.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले तेव्हा हामासाकी आला. त्याने दार लावून घेतलं, टेबलावर बसला आणि पँट वर सरकवली. गुडघा सुजून टम्म झाला होता. हात लावताच आत काहीतरी करकरलं. या पायाने आज सामना खेळला तर उद्या जिनाही चढता येणार नाही, हे कमरुद्दीनला लगेच कळलं. चार दिवस तो मनातल्या मनात याच माणसाला खेळाबाहेर काढून बाकावर बसवत होता.

हामासाकी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मी सगळ्यांना खेळशील म्हणतो. त्यांना तेच हवं असतं. तुम्ही खरं सांगता. म्हणून आलो."

बाहेर पावलं वाजली. जेवून परतलेले दोस्त हामासाकीच्या नावाने हाका मारत होते, आणि त्यांत अनिलचाही आवाज होता. याला बाकावर बसवला तर सगळी फलटण आपल्यावर उलटेल. कमरुद्दीनने पट्टी घेतली आणि मन लावून बांधली. बांधली मात्र झकास.

"खेळाल," तो म्हणाला.

हामासाकी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग इतरांकडे बघून हसायचा तसंच हसला, वाकून आभार मानले आणि दार उघडून निघून गेला. बाहेर टाळ्या पडल्या.

"खलास, जमलं तुझं काम," अनिल आत येत म्हणाला. "बघ, दोघं बाहेर थांबलेत."

पहिला आत येऊन टेबलावर बसला. त्याच्या पायाकडे न बघताच कमरुद्दीनने नव्या पट्टीचं टोक सोडवलं.