गंगाखेडची बोली

डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं, तेव्हा रंगनाथनं साऊंड सर्व्हिस बंद करायचं ठरवलं. कर्ण्याच्या धंद्यात माणसाला दोन्ही कान लागतात. माइक जरा इकडचा तिकडं झाला की कर्णा शिट्टी मारतो, आणि ती शिट्टी फुटायच्या आत बटण मागं घ्यावं लागतं. मानवतच्या एका लग्नात रंगनाथला ती कळलीच नाही. ऐन मंगलाष्टकांत कर्णा असा किंचाळला, की मांडवाबाहेर बांधलेली वरातीची घोडी दावं तोडून पळाली. लोक पोट धरधरून हसले. रंगनाथ खाली मान घालून वायरी गुंडाळत राहिला.

सेट मात्र नावाजलेला होता. अँप्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि दोन मोठे कर्णे. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कुसुमबाईनं, हे सगळं कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. वस्तीवरची घरं जळाली, सेट वाचला. पुढं नामांतराच्या मोर्चात हाच कर्णा बैलगाडीवर बांधून परभणीच्या रस्त्यांनी फिरला. अशी वस्तू येईल त्या भावात फुंकून टाकायला रंगनाथचं मन घेत नव्हतं.

परभणीला स्टेशनाजवळ बन्सीधर नावाचा दलाल दर गुरुवारी हर्रास, म्हणजे लिलाव, मांडायचा. शिलाई मशीन, पाळणे, गॅसबत्त्या, मोडलेल्या बँड पार्टीची वाद्यं, काय वाट्टेल ते तिथं विकायला यायचं. माणूस गोडबोल्या होता, येणाऱ्याला चहा पाजायचा आणि दोन्हीकडून दलाली घ्यायचा. त्याच्याकडं काळा टेलिफोन होता. बाहेरगावचं गिऱ्हाईक ट्रंककॉल लावून बोली बोलतं, असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा.

रंगनाथनं एस.टी.च्या टपावर सेट चढवला आणि एका गुरुवारी परभणी गाठली.

बोली सुरू झाली. एक मोंढ्यातला व्यापारी बोलला, एक जिंतूरकडचा शेतकरी बोलला. भाव रांगत रांगत वर चालला होता. तेवढ्यात फोन वाजला. बन्सीधरनं रिसीव्हर कानाला लावला, मान हलवली आणि ओरडला, "गंगाखेडचे माणिकराव वाढवायलेत!"

व्यापाऱ्यानं आणखी वाढवलं. फोनवरून त्याच्यावर बोली आली. शेतकरी उठून गेला. व्यापारीही पान थुंकून म्हणाला, "एवढ्यात तर नवा करकरीत सेट येईल, वेडा हाय का कोन?" आणि त्यानंही बोली सोडली. बन्सीधरनं टेबलावर हातोडी आपटली.

"नशीब काढलं रंगनाथ! माल इथंच ठेवा. मी रेल्वेनं गंगाखेडला लावतो. माल पोचला की माणिकराव ड्राफ्ट पाठवतेत."

"माल आधी?"

"त्यांची रीत हाय तशी. मोठा माणूस हाय."

"तुमी बघितलं का त्यांना?"

बन्सीधर हसला. "आवाजाची वळख हाय की. घ्या, तुमीच बोला."

त्यानं रिसीव्हर पुढं केला. रंगनाथला घाई झाली, आणि सवयीनं त्यानं तो डाव्या कानाला लावला. त्या कानापुढं गेल्या वर्षी डॉक्टरनं हात टेकले होते. ढोल वाजला तरी तो कान ढिम्म राहायचा. पण त्या दिवशी त्या कानात श्वास ऐकू आला. माइकसमोर बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, लांब, ओला श्वास. मग आवाज आला. अगदी जवळून, कानाच्या पाळीला ओठ लावल्यासारखा.

"रंगनाथ. माल पाठवा."

रंगनाथचं अंग शहारलं. त्यानं रिसीव्हर झटकन उजव्या, चांगल्या कानाला लावला. तिथं काहीच नव्हतं. खरखर नाही, घरघर नाही. विहिरीवर कान धरावा तसं मोकळं.

"काय म्हनले?" बन्सीधरनं विचारलं.

"माल पाठवा म्हनले," रंगनाथ म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पर मी न्हाई ठिवत. घरी नेतो. आधी मानूस बघतो."

बन्सीधरचा चेहरा पडला. "असं करू नका. मोडलेला सौदा माझ्या अंगावर येतो."

"मी सौदा कुठं मोडलाय? तोंड बघून देतो, एवढंच."

बाहेर चहाच्या टपरीवर चारठाण्याचे दत्तराव भेटले. त्यांचीही साऊंड सर्व्हिस होती. दरसाल एखाद्या जत्रेत दोघांची गाठ पडायची.

"जयभीम, दत्तराव. इकडं कसं काय?"

"जयभीम. माझा सेट इथूनच गेला की. गंगाखेडच्या माणिकरावांनी घेतला. उन्हाळ्यापासून ड्राफ्टची वाट बघायलोय. इचारायला आलो की बन्सीधर म्हनतो, येईल, येईल." दत्तरावांचा आवाज घोगरा झाला होता. "आन तुमाला म्हनून सांगतो, सेट दिल्यापासून मला झोप लागंना. डोळा लागला की वाटतंय, कुठंतरी माझाच कर्णा चालू राहिलाय. बंद करायला कोनी न्हाई."

रंगनाथनं सेट परत टपावर चढवला.

घरी कुसुमबाईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. फोनमधल्या आवाजाचं सांगताना रंगनाथ अडखळला, पण सांगितलं. ती हसली नाही. तवा उतरवून म्हणाली, "अवो, नव्यापरीस जास्त भाव कोन देतंय? ज्याला द्यायचंच न्हाई, त्यो कितीबी बोलतोय. तुमी गंगाखेडला जावा. सेट हितंच ऱ्हाऊ द्या. मी दारात बसते."

गंगाखेडला गाडी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गोदावरीकडं उतरणाऱ्या गल्लीत माणिकरावांचं घर विचारत रंगनाथ निघाला. विचारलं की माणसं आधी त्याच्याकडं बघायची आणि मग नुसता हात करून दाखवायची. गल्लीत कुत्रंही नव्हतं. टळटळीत दुपार, दारं लोटलेली.

शेवटचं घर पत्र्याचं, दगडी जोत्याचं. शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी तूर पाखडत बसली होती. तिचं नाव पार्वतीबाई.

"आजी, माणिकरावांचं घर हेच का?"

सूप थांबलं. "हेच हाय. तुमी बी काही इकलं का त्यांना?"

"अजून न्हाई. भेटायला आलोय."

"कुणाला भेटता, बाबा? माणिकराव जाऊन लय वर्सं झाली. बायको न्हाई, लेकरू न्हाई. आडतीचा धंदा होता, फोन होता, हर्राशीचा लय नाद. मरनाच्या दारातबी बोटं वर करायलेते, बोली बोलल्यासारखी." तिनं सूप खाली ठेवलं. "हमाल येतेत. ओसरीवर सामान ठेवून जातेत. सकाळी बघावं तर ओसरी रिकामी. मी तिकडं बघायचंच सोडून दिलंय."

रंगनाथ ओसरी चढला. दाराला कुलूप होतं, गंजून एकजीव झालेलं. उंबऱ्यापासून निम्म्या फळीपर्यंत वाळवीनं मातीचं घर बांधलं होतं. त्या मातीला कुठं तडासुद्धा नव्हता. ते दार वर्षानुवर्षं उघडलेलं नव्हतं. भिंतीवरून टेलिफोनची तार खाली लोंबत होती, टोकाला तुटलेली. विजेची तार तर खांबापासूनच नव्हती.

बाजूला गजांची खिडकी होती. तिच्या काचेवरची धूळ त्यानं तळहातानं पुसली आणि आत बघितलं.

खोली सामानानं भरली होती. शिलाई मशीन, पाळणे, गॅसबत्त्या, पेट्या, एक पितळी तुतारी. गावोगावच्या माणसांचं सामान नीट ओळीनं मांडलेलं होतं, लिलावाला मांडतात तसं. एकावरही धूळ नव्हती. आणि समोरच, खिडकीकडं तोंड करून, एक कर्णा. त्याच्या कडेला लाल रंगानं लिहिलं होतं: दत्तराव साऊंड सर्व्हिस, चारठाणा.

रंगनाथनं ते नाव परत एकदा वाचलं. आणि त्याच्या बहिऱ्या कानात गुणगुण सुरू झाली. अँप्लिफायर तापला की कर्ण्यातून येते तशी. उजव्या कानानं त्याला पार्वतीबाईचं सूप ऐकू येत होतं, लांबून एस.टी.चा हॉर्न ऐकू येत होता. डाव्या कानात मात्र फक्त ती गुणगुण होती. मग ती थांबली. कर्ण्यानं श्वास घेतला.

"आणला का?"

पळावं असं त्याला वाटलं. मग त्याला राग आला. वस्तीवरची आग बघताना आला होता तसाच, भीतीच्या बुडातून वर आलेला.

"न्हाई आणला," तो गजांना धरून म्हणाला. "आन आणनारबी न्हाई. तुमाला तोंड न्हाई, हात न्हाई, काय म्हनून देऊ? दुसऱ्यांचं घेतलंय ते बी नेनार हाय आमी."

आत कुठंतरी एका पाळण्याची कडी करकरली. पाळणा आपोआप एकदा पुढं गेला, मागं आला आणि थांबला. रंगनाथ खिडकीकडं पाठ न करता, मागं मागं सरकत ओसरी उतरला. पार्वतीबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो एका दमात रिकामा केला.

तो गावी गेला नाही. तडक परभणीला जाऊन त्यानं बन्सीधरला दुकानातून उठवलं. बन्सीधर आधी उडवाउडवी करायला लागला. तुटलेल्या तारेचं ऐकल्यावर त्याचं तोंड पांढरं पडलं. तो गयावया करत म्हणाला, "मला माझी दलाली मिळायची. टेबलावर सकाळी नोटा असायच्या. मला वाटायचं, कोनीतरी ठेवून जातंय. मी इचारलं न्हाई. कायला इचारू?"

"हितंच चुकलं," रंगनाथ म्हणाला.

दत्तरावांना बोलावलं. आणखी पाच-सात जणांचा माल तिकडं गेला होता, तेही आले. गंगाखेडला जाऊन पोलीस पाटील आणि पंच यांच्यासमोर भर उन्हात ते दार तोडलं. वाळवीची माती पडली, कुलूप पडलं. आत जायला कोणी तयार होईना, तेव्हा दत्तराव गेले. ज्याची वस्तू त्यानं ओळखून बाहेर काढली. बरोबर आलेल्या बायकांनी पाळण्यांना आधी हळदकुंकू लावलं, मग हात. सामान आत कसं गेलं, हे कोणालाही सांगता आलं नाही. मागच्या भिंतीला दार नव्हतं आणि पत्रा जागचा हललेला नव्हता. पंचांनी कागदावर 'अज्ञात इसम' लिहून अंगठे घेतले. कोपऱ्यात माणिकरावांचा टेलिफोन होता. त्याला कोणी शिवलं नाही.

दत्तरावांना त्या दिवसापासून झोप लागायला लागली. बन्सीधरनं हर्रास सोडला नाही, पण समोर उभ्या माणसाचीच बोली घ्यायला लागला. टेलिफोन त्यानं कापडात बांधून माळ्यावर टाकला. गुरुवारी ऐन बोलीच्या वेळी कधीमधी माळ्याकडं बघत त्याची हातोडी वरच राहायची, असं लोक सांगतात.

दिवाळीनंतर जिंतूरकडचा तो शेतकरी, आश्रुबा, पत्ता काढत रंगनाथच्या दारात आला. हर्रासातून उठून गेला होता तोच. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "माझ्याकडनं तेवढा भाव होनार न्हाई. पर वाजवून बघतो आन पैसे आत्ता देतो."

"वाजवा की."

कर्णा लिंबाच्या फांदीला बांधला. आश्रुबानं माइक हातात धरला, आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. शेवटी लाजत लाजत त्यानं आपलं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव सांगितलं. आवाज वस्तीवरून पार ओढ्यापर्यंत गेला. कुसुमबाई दारातून म्हणाली, "आता कळलं की कोन घ्यायलंय ते."

रंगनाथनं भाव आणखी थोडा कमी केला. आश्रुबाला जेवायला बसवलं, आणि जेवण होईपर्यंत शिट्टी कशी ओळखायची ते त्याला परत परत सांगत राहिला.